माल मागून येत आहे

मनुष्याने जगाच्या पाठीवर पहिली सीमारेषा ज्या दिवशी आखली, त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत त्या रेषेवर एक गृहस्थ येऊन बसला असला पाहिजे, आणि पलीकडून येणाऱ्या पहिल्याच बैलाच्या पाठीवरील गोणीस बोट लावून त्याने 'यात काय आहे?' असे विचारले असले पाहिजे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पुढे साम्राज्ये झाली आणि बुडाली, रेषा पुसल्या गेल्या आणि नव्याने ओढल्या गेल्या, परंतु तो गृहस्थ आपल्या जागेवरून उठला असल्याची नोंद कोणत्याही बखरीत आढळत नाही.

कौटिल्याने तर त्याच्यासाठी अर्थशास्त्रात एक स्वतंत्र प्रकरणच खर्ची घातले आहे. नगराच्या महाद्वाराजवळ पूर्वाभिमुख अथवा उत्तराभिमुख शुल्कशाला असावी, तीवर ध्वज असावा, आणि तांड्याबरोबर आलेल्या व्यापाऱ्यांची चार-पाच अधिकाऱ्यांनी नोंद घ्यावी की हे कोण, कोठले, किती माल घेऊन आले, आणि या मालावर मुद्रा कोठे झाली. मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क, आणि मुद्रा बनावट निघाली तर आठपट दंड, अशी ती चोख व्यवस्था आहे. आजच्या कोणत्याही सीमाशुल्क-संकेतस्थळावरचे रकाने उघडून पाहावे, तर मुळाशी हेच चार प्रश्न दिसतात. मधल्या काळात त्यांचा वंशविस्तार तेवढा फार झाला आहे.

आपल्याकडेही ही विद्या अपरिचित नव्हती. बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी पोर्तुगीज मुलखातून भरती करतात आणि आपल्या मुलखातल्या मिठाला गिऱ्हाईक उरत नाही, हे ध्यानी येताच शिवाजी महाराजांनी 1671 साली कुडाळच्या सुभ्यास पत्र लिहून त्या मिठावर जबर जकात बसवण्याची आज्ञा केली. पुढे इंग्रजांनी मिठाचाच कर बुडू नये म्हणून देशाच्या छातीवर दोन हजारांहून अधिक मैलांची एक जकातरेषा ओढली, तिच्या मोठ्या भागावर बोर, बाभूळ, करवंद आणि निवडुंग यांचे काटेरी कुंपण वाढवले, आणि त्या कुंपणावर हजारो शिपाई नेमले. 1879 साली ती रेषा मोडली. आमच्या मुंबईचे दहिसर-मुलुंडचे जकातनाके मात्र 2017 च्या जुलैपर्यंत, म्हणजे वस्तू व सेवा कर येईपर्यंत, मालमोटारींच्या रांगांनी गजबजलेले होते, आणि त्या रांगांतून मुंबईकरांची एक संपूर्ण पिढी सहनशीलता शिकली.

या सर्व व्यवस्थांत, त्या कितीही जाचक असोत, एक सद्गुण समान होता. माल आधी येई आणि प्रश्न मागून विचारला जाई. गोणी समोर असे, शिपाई तीत सळई खुपसून पाही, आणि सळईस मीठ लागले तर मीठ आणि गूळ लागला तर गूळ, इतका तो निवाडा सरळ असे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जगाचा व्यापार याच श्रद्धेवर चालला. किंबहुना जहाजी कागदांवर तर पेटीत अमुक वस्तू 'असल्याचे सांगण्यात येते' अशा अर्थाचे एक शब्दरत्न छापलेले असे, आणि त्यायोगे सांगणारा, लिहिणारा व वाहून नेणारा असे तिघेही एकाच वेळी जबाबदारीतून मोकळे होत.

ही श्रद्धा अमेरिकेने प्रथम मोडली. 2001 च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर त्या देशाने असा दंडक घातला, आणि 2003 पासून तो सक्तीने अंमलात आणला, की अमेरिकेकडे निघणारी पेटी परदेशी बंदरात जहाजावर चढवण्याच्या 24 तास आधी तिची माहिती आमच्या दप्तरी जमा झाली पाहिजे. युरोपीय संघाने आपली नवी आगाऊ-माहितीची यंत्रणा 2021 च्या मार्चात टपाल आणि कुरिअरने येणाऱ्या पुडक्यांपासून सुरू केली, 2023 च्या मार्चात सर्व विमानी माल तीत ओढला, आणि 2024 च्या जूनपासून समुद्रमार्गही टप्प्याटप्प्याने तिच्या कक्षेत घेतला. आपल्या सरकारनेही मागे न राहता 2021 साली सीमाशुल्क कायद्याच्या 46 व्या कलमात दुरुस्ती करून ठेवली, की आयातीचे बिल ऑफ एन्ट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर दाखल व्हावे. शेजारच्या काही देशांतून येणाऱ्या मालास थोडी सवलत, बाकीच्यांस नाही. त्या आदल्या दिवसांत सुट्टीचे दिवसही धरले जातील, असा खुलासा संसदेने त्यातच आवर्जून केला आहे, कारण व्यापारी हा प्राणी रविवारी विश्रांती घेतो अशी एक अफवा दिल्लीपर्यंत पोहोचली असावी.

तात्पर्य, माल आता मागून येतो. लग्नात नवरदेव येण्यापूर्वी त्याची पत्रिका येते, आणि ती जुळली नाही तर त्याच्या रूपगुणांची चौकशीही कोणी करीत नाही, तद्वत आजचा कंटेनर बंदरात उभा असतो तो केवळ आपली पत्रिका जुळल्याची वार्ता ऐकण्यासाठी.

नाशिककडचे माझे एक बागाईतदार स्नेही आपली द्राक्षे हॉलंडला पाठवतात. या गृहस्थांना द्राक्षांविषयी जे ज्ञान आहे ते पिढीजात आहे. घडावर नुसती नजर टाकून ते त्यातली साखर सांगतात. त्यांच्या बागेच्या प्रत्येक तुकड्याची सरकारदरबारी नोंद आहे, फळातील औषधांच्या अंशाची प्रयोगशाळेत तपासणी होते, आणि पेटीवरील क्रमांकावरून ती कोणत्या बागेतून निघाली हे रॉटरडॅममध्ये बसून कळू शकते. एवढे सर्व यथासांग पार पडल्यावर, शीतपेटी भरून झाल्यावर आणि ड्रायव्हर जेवून तयार झाल्यावर, मुंबईहून फॉरवर्डरच्या कचेरीतील एका तरुणाचा फोन येतो.

"काका, मालाचं वर्णन काय टाकू?"

"टाका की, नाशिकचा एक नंबर माल."

"तसं चालत नाही काका. सिस्टीम घेत नाही."

येथे 'सिस्टीम' हा शब्द तो तरुण ज्या स्वरात उच्चारतो, तो स्वर आमच्या आजीच्या काळी देवीच्या साथीविषयी बोलताना वापरला जाई. सिस्टीम घेत नाही, सिस्टीम मागते आहे, सिस्टीमने परत टाकले, सिस्टीम आज सकाळपासून बसली आहे: जिचा कोप होतो पण जिला नवस बोलता येत नाही अशा या देवतेपुढे पंचवीस वर्षांचा पदवीधर आणि पासष्ट वर्षांचा बागाईतदार सारख्याच नम्रतेने उभे असतात. द्राक्षे ताजी आहेत की सुकलेली, हे लिहावे लागते. पेट्या किती, निव्वळ वजन किती, पेटीसकट वजन किती, विकणारा कोण, विकत घेणारा कोण, त्या विकत घेणाऱ्याचा युरोपातील नोंदणी क्रमांक काय, हेही लिहावे लागते; आणि या सर्वांच्या शिरोभागी एक सहा अंकी संख्या लिहावी लागते, जी चुकल्यास वरील सर्व सत्य असत्य ठरते.

या संख्येचा महिमा वर्णावा तेवढा थोडा आहे. 1 जानेवारी 1988 पासून जगातील बहुतेक व्यापार एका सामायिक वर्गीकरणाने बांधला गेला आहे. हत्तीच्या हाडापासून अणुभट्टीपर्यंत आणि मेंढीपासून विमानापर्यंत, जे जे म्हणून सीमा ओलांडू शकते ते ते या पोथीच्या 97 अध्यायांत कोठेतरी बसवलेले आहे. बसवलेले म्हणण्यापेक्षा कोंबलेले म्हणणे अधिक यथार्थ होईल, कारण आंबा, पेरू आणि मँगोस्टीन ही तीन फळे तीत एकाच उपक्रमांकाखाली राहतात. आमच्या देशाने मात्र पुढे दोन अंक वाढवून हापूसला स्वतःचे स्वतंत्र घर करून दिले, आणि केसर, लंगडा, दशेरी यांनाही शेजारी खोल्या काढून दिल्या. रत्नागिरीकरांच्या समाधानासाठी कोणत्याही सरकारने उचललेले याहून शहाणपणाचे पाऊल मला माहीत नाही. या पोथीचा 77 वा अध्याय भविष्यकाळासाठी राखून कोरा ठेवलेला आहे. ज्यात एकाही व्यापाऱ्याचा माल आजवर अडकला नाही, असा हा एकमेव अध्याय होय.

वर्गवारी ही वरवर कारकुनी वाटते, पण अंतरंगात ती तत्त्वज्ञानाची शाखा आहे, आणि तिच्यापायी मोठमोठ्या न्यायमूर्तींना पाकशाळेत उतरावे लागले आहे. टोमॅटो हे फळ की भाजी, हा प्रश्न 1893 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला, कारण भाजीवर आयातकर होता आणि फळावर नव्हता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते फळच, हे मान्य करूनही न्यायालयाने निर्णय दिला की ते जेवणात वाढले जाते, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे. अतएव ती भाजी. त्याच देशात एका खेळणी आणणाऱ्या कंपनीने न्यायालयात प्रतिपादन केले की आपल्या चित्रकथांतील पराक्रमी वीर माणसे नव्हेतच. माणसाची प्रतिकृती म्हणजे बाहुली, आणि बाहुलीवर कर अधिक. अमानवाची प्रतिकृती म्हणजे नुसते खेळणे, आणि त्यावर कर कमी. ज्या वीरांनी शेकडो अंकांतून आम्हांसही माणूस म्हणा असा टाहो फोडला, त्यांना त्यांच्याच मालकाने करापुरते अमानुष ठरवले, आणि 2003 साली न्यायालयाने ते मानले.

आपण हसू नये. आमच्या घरोघरच्या खोबरेल तेलाची कथा याहून निराळी नाही. वाद सीमाशुल्काचा नव्हता, उत्पादनशुल्काचा होता, परंतु पोथी तीच. लहान बाटलीतले खोबरेल हे खाण्याचे तेल की केसांना लावण्याचे, यावर 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते दोन दिशांना गेली, आणि अखेरीस 2024 च्या डिसेंबरात तीन न्यायमूर्तींनी निर्वाळा दिला की बाटली लहान आहे एवढ्यावरून तेल डोक्यावर चढत नाही. खाद्य तेलाच्या कसोट्यांस उतरलेले तेल खाद्यच. कोकणातल्या कोणत्याही गृहिणीस विचारले असते तर तिने दोन्ही उपयोग एकाच बाटलीतून करून दाखवले असते, पण तिला साक्षीस बोलावण्याची तरतूद कोणत्याच कायद्यात नाही.

माझ्या त्याच स्नेह्यांनी मध्यंतरी द्राक्षांच्या प्रतवारीच्या यंत्रासाठी परदेशातून काही स्क्रू मागवले. हे स्क्रू त्या यंत्राखेरीज अन्य कोठेही बसत नव्हते. त्यांच्यावाचून यंत्र चालत नव्हते. साहजिकच त्यांनी 'यंत्राचे भाग' असे कळवले. परंतु पोथीच्या टीपा सांगतात की साधारण उपयोगाचे स्क्रू, स्प्रिंगा आणि साखळ्या या कोणत्याही यंत्रात जन्मभर राहिल्या तरी त्या यंत्राच्या होत नाहीत; त्यांचे गोत्र धातूचेच राहते. व्यवहारात जो भाग आहे तो कायद्यात भाग नाही, आणि कायद्यात जो स्क्रू आहे तो व्यवहारात कोठे ठेवावा हे कोणास सुचत नाही. स्क्रू न्हावाशेव्यास उतरले, आणि क्वेरी निघाली.

क्वेरी निघाली, पण ती काढली कोणी? येथे आपण अर्वाचीन सीमाशुल्काच्या सर्वात गूढ प्रांतात प्रवेश करतो. 2020 च्या जूनमध्ये बंगळूर व चेन्नई येथे आरंभ होऊन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर देशभर पसरलेल्या व्यवस्थेनुसार, न्हावाशेव्यास उतरलेल्या मालाची आकारणी करणारा अधिकारी कोलकात्यास असू शकतो, चेन्नईस असू शकतो. तो कोण, हे व्यापाऱ्यास कळत नाही, आणि कळू नये हाच तिचा हेतू आहे. पूर्वीचे साहेब सगुण होते. त्यांना चष्मा होता, टेबल होते, चढता-उतरता पारा होता. त्यांचा उपवास कोणत्या वारी असतो हे एजंटास ठाऊक असे, आणि त्या वारी कोणती फाइल पुढे सरकवू नये हेही ठाऊक असे. आजचे साहेब निर्गुण, निराकार, नामरूपरहित आहेत. त्यांच्याकडून केवळ आकाशवाणी होते की सदर वस्तूचे सूचीपत्रक सादर करावे, आणि ते सादर केले की काही कालाने दुसरी आकाशवाणी होते. अव्यक्ताच्या उपासकांना क्लेश अधिक होतात, हे गीतेच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहेच. त्याचा अनुभव घेण्यासाठी मात्र आयातदार म्हणून नोंदणी असावी लागते.

उपासनेची साधनेही कमी कडक नाहीत. डिजिटल सहीचे एक डोंगल असते. ते संगणकात खोचले असता संगणक ते ओळखत नाही, ओळखले तर त्याची मुदत संपलेली असते, आणि मुदत शिल्लक असली तर ज्याच्या नावाने ते काढले तो भागीदार पंढरपूरला गेलेला असतो. कागदपत्रे आता कागदावर द्यावयाची नसतात. त्यांची छायाप्रत काढून ती चढवावी लागते, आणि तिचे आकारमान 1 एमबीच्या आत असावे लागते. पंचवीस टनांचा कंटेनर जेथून सहज आत जातो, तेथे त्याच कंटेनरच्या बिलाची प्रत स्थूलपणामुळे अडते, हा देखावा मला तरी उद्बोधक वाटतो. व्यापाऱ्यांच्या मुलांना पूर्वी पावकी-दिडकी शिकवीत. आता फाइल बारीक करण्याची कला शिकवतात.

विलंबाची तर सोयच उरलेली नाही. बिल ऑफ एन्ट्री वेळेत दाखल न झाल्यास पहिले तीन दिवस दररोज 5,000 रुपये आणि त्यानंतर दररोज 10,000 रुपये असा आकार पडतो. वक्तशीरपणाचा हा धडा देणाऱ्या सरकारने समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या याद्यांसंबंधी 2018 साली नवे नियम प्रसिद्ध केले, आणि पुढे त्यांची पूर्ण अंमलबजावणी करण्याची मुदत स्वतःच्या आणि जहाजवाल्यांच्या सोयीसाठी पुनःपुन्हा, वर्षानुवर्षे वाढवून घेतली. तिकडे युरोपातही काही देशांची संगणकव्यवस्था सिद्ध नव्हती म्हणून त्यांना सवलतीचा कालावधी देण्यात आला. यावरून असा सिद्धांत निघतो की, उशीर करणारा एकटा असेल तर त्यास दंड होतो, आणि संपूर्ण खाते असेल तर त्यास मुदतवाढ मिळते.

इतके लिहिल्यावर यंत्राच्या बाजूनेही दोन शब्द न लिहिणे हा कृतघ्नपणा होईल. यंत्र चहा घेत नाही, आणि चहापाणीही घेत नाही. मोठ्या पेढीचा धनी आणि पहिल्यांदाच चार पेट्या बेदाणे पाठवणारा तासगावचा शेतकरी या दोघांनाही ते सारख्याच तुटकपणाने परत पाठवते, आणि अशी समदृष्टी आमच्या दप्तरांत पूर्वी फारशी नांदत नव्हती. अर्ध्या रात्री अर्ज चढवला तरी ते पोच देते. ज्याचे कागद बिनचूक आणि ज्याची पूर्वपीठिका निर्मळ, त्याची पेटी न उघडताच सुटते. हे सर्व खरे आहे, आणि ज्यांनी जुन्या जकातघराच्या जिन्यावर चपला झिजवल्या आहेत ते हे मोकळेपणाने कबूल करतात.

माझी तक्रार यंत्राविषयी नाहीच. माझे म्हणणे एवढेच, की कारकून गेला अशी जी हाकाटी झाली ती खोटी आहे. 2011 साली आपल्या कायद्यात स्वयंमूल्यांकन आले; म्हणजे आपल्या मालाचा वर्ग आपणच ठरवावा, किंमत आपणच सांगावी, शुल्क आपणच काढावे, आणि या सर्वात चूक झाल्यास गुन्हेगारही आपणच व्हावे. पूर्वी सरकार पगार देऊन, पंख्याखाली बसवून, निवृत्तिवेतनाची हमी देऊन जो लेखनिक पोशीत असे, त्याचे काम आज बागाईतदार करतो, त्याची सून करते, एजंटाकडचा तो पंचवीस वर्षांचा तरुण करतो, आणि त्याबद्दल कोणासही महागाईभत्ता मिळत नाही. सरकारने कारकून कमी केले नाहीत. त्याने व्यापाऱ्यांना कारकून केले आणि खुर्ची मात्र ज्याची त्याने आणावी असे फर्मावले.

हे लोण आता व्यापाऱ्यांपाशीही थांबलेले नाही. ज्यांची लेकरे जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीस आहेत अशा आयाबायाही दर दिवाळीस सीमाशुल्क खात्याच्या अधिकारकक्षेत येतात. पुडक्यावर 'भेटवस्तू', 'किरकोळ सामान', 'घरगुती वस्तू' असली मोघम वर्णने चालत नाहीत, आणि 'वगैरे' या शब्दावर ज्यांचे अर्धे संभाषण उभे आहे त्या महाराष्ट्रास हा निर्बंध विशेष जाचतो. तथापि या एका ठिकाणी आपल्या देशाच्या पोथीने मोठी दया दाखवली आहे. तिच्या एकविसाव्या अध्यायातील एका टीपेनुसार मिठाई असो की नमकीन, नाव कोणतेही असो, घटक काहीही असोत, सर्वांचा क्रमांक एकच, 21069099. बेसनाचा लाडू आणि पोह्यांचा चिवडा यांच्यातील जे अंतर आपल्या पाकशास्त्राने शतकानुशतके जपले, ते एका टीपेने मिटवले.

म्हणून वाचकांस माझी विनंती आहे, की यंदा फराळ परदेशी धाडणार असाल तर तो गणपती उठताच तयारीस घ्या, प्रत्येक जिन्नस वेगळा तोला, त्याचे नाव, वजन आणि तो कशाचा केला आहे हे यादीत स्पष्ट लिहा, क्रमांकाचे पहिले सहा अंक न विसरता टाका, आणि घेणाऱ्याचा पत्ता, फोन व ई-मेल दोनदा तपासा. यादीत प्रेम, आशीर्वाद किंवा 'आईच्या हातचे' असे काही लिहू नका. त्यांना क्रमांक नाही, आणि ज्याला क्रमांक नाही त्यावर क्वेरी निघते.